माळशिंग्याचं जेवण

मंगळवारी सकाळी भाजी घेऊन परतताना कुंभकोणंच्या महामहम् तळ्याच्या उत्तरेकडच्या मंडपात मला विशालाक्षी दिसली. चार महिन्यांपूर्वी याच हातांनी मी तिला गाडीत बसवून दिलं होतं. खिडकीची जागा, नवी साडी, पाण्याची बाटली, दहीभाताचा डबा. गाडी हलली तेव्हा तिनं हात हलवला नव्हता, नुसता पदर सारखा केला होता. आणि मी फलाटावरून घरी आलो होतो तो आणखी एक माणूस घरपोच झालं म्हणून स्वतःवरच खूश होऊन. आता ती पूर्वीच्याच मंडपात पूर्वीच्याच खांबाला टेकून पाय चोळत बसली होती. साडी मी दिलेलीच, पण काठ उसवलेला. तिनं मला पाहिलं. मी काय केलं? मी पिशवीतल्या वांग्यांकडे पाहिलं. अगदी निरखून, त्यांत कीड आहे की नाही याचा निकाल भर रस्त्यातच लावायचा असल्यासारखं; आणि पलीकडच्या बाजूनं घर गाठलं. चौसष्टाव्या वर्षी माणूस इतका भेकड असू शकतो हे मला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण सकाळी सकाळी त्याची आठवण व्हायचं काही कारण नव्हतं.

मी हनुमंतराव. चौतीस वर्षं रेल्वेत काढली, बहुतेक सगळी इथल्याच स्टेशनात, तिकिटाच्या खिडकीमागे. इकडचे तमिळ लोक आम्हा मराठ्यांना रायर म्हणतात, त्यामुळे गावाला माझं नाव ठाऊक नाही, रायर ठाऊक आहे. रायर, मायावरम एक. रायर, रामेश्वरम दोन. खिडकीच्या भोकातून मला चेहरे कमी आणि हातच जास्त दिसायचे, आणि घरी चाललेला हात कोणता आणि घरातून निघालेला कोणता हे मी बघता क्षणी सांगत असे. घरी चाललेल्या हाताला घाई असते. आत सरकवलेल्या तिकिटावर तो पटकन झडप घालतो. निवृत्त झालो तेव्हा मला त्या हातांची इतकी आठवण यायची की मी उगाच स्टेशनावर जाऊन बाकावर बसत असे, आणि तिथंच शरण्यानं मला गाठलं. ही आडुतुरैची मुलगी, तिशीची, बोलायला गोड आणि कामाला कडक. तिनं चार-सहा जणांना जमवून 'वासल' ही संस्था काढली होती. वासल म्हणजे दारासमोरची जागा, जिथं सकाळी सडा घालून रांगोळी काढतात ती. या गावात कुणी दगडावर झोपता कामा नये, एवढाच त्यांचा हट्ट होता. बसस्टँडवर, तळ्याच्या मंडपांत, देवळांच्या भिंतींना टेकून जी माणसं वर्षानुवर्षं झोपतात त्यांच्याजवळ जाऊन बसायचं, नाव विचारायचं, आणि मग दुसरा प्रश्न विचारायचा: सोंद ऊर कोणतं, म्हणजे स्वतःचं गाव कोणतं? ज्याला गाव असेल त्याच्या माणसांना फोन लावून त्याला गावी पोचवायचं. ज्याला नसेल त्याच्यासाठी घरमालकांच्या मिनतवाऱ्या करून एखादी खोली मिळवायची. खोल्या मिळणं महाकठीण. असल्या माणसाला भाडेकरू म्हणून घ्यायला कोण तयार होतो? गाड्या मात्र रोज सुटत होत्या, आणि गाड्या मला तोंडपाठ होत्या. म्हणून पोचवायचं काम माझ्याकडे आलं. अडीच वर्षांत मी त्रेचाळीस माणसं पोचवली, आणि प्रत्येकाच्या कागदावर शरण्यानं हिरवी टिकली लावली.

त्या दुसऱ्या प्रश्नात मी पहिल्यापासून का रंगलो, हे शरण्याला कळणं शक्य नव्हतं. ती तमिळ; तिचं ऊर बसनं अर्ध्या तासावर. आमच्या घरी तिन्हीसांजेला दिवा लावला की आम्हा भावंडांना ओळीनं बसवून बाबा विचारायचे, "गांव कोणतें?" आम्ही म्हणायचं, "माळशिंगे." "नदी?" "कृष्णा." "देव?" "भैरोबा." "वाटेंत काय लागतें?" "दोन ओढे आणि एक चिंच." मग हात जोडून उठायचं. बाबांना त्यांच्या बाबांनी असंच विचारलं होतं, आणि त्यांना त्यांच्या. नऊ पिढ्या आम्ही या मुलखात आहोत. मराठी राजाबरोबर इकडे कोण आलं, त्याच्या दप्तरात कोण होतं, या कथा हव्या तितक्या. पण परत जाऊन ती चिंच बघून आलेला एकही नाही. घरामागे फर्लांगभरावर कावेरी वाहत होती, तिचं नाव मात्र आम्हाला कुणी विचारत नसे. बाबा इथल्या शाळेत चित्रकला शिकवायचे. सुट्टीच्या दिवशी ते कागदावर तो रस्ता काढत: पहिला ओढा, मग थोडा चढ, दुसरा ओढा, मग चिंच. चिंचेची सावली कुठल्या बाजूला पडते ते मी विचारलं, तर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मला अजून तो कागद दिसतो, आणि खोडरबराचा तो वास येतो. किती सुखाचे दिवस होते ते, आता कळतं. ज्याला असं दूरचं गाव असतं त्याला जवळचं काहीच बोचत नाही.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच थंडीत मी माळशिंग्याला गेलो. बाबा तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, अंथरुणाला खिळलेले. जाताना त्यांनी माझ्या हातात सुपारी दिली, भैरोबापुढे ठेवायला. सातारला उतरलो, पुढं एसटी. वाटेत एकच ओढा लागला, त्यावर पूल. दुसऱ्याचं म्हणे पाइपात घालून केव्हाच शेत केलं. चिंच नव्हतीच. देवळापुढच्या कट्ट्यावर पाच-सहा जण बसले होते. त्यांच्यासमोर उभा राहून, नऊ पिढ्यांनी जपून ठेवलेल्या भाषेत, मी म्हणालो, "मी एथलाच. आमचें मूळ एथलेंच." त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं विचारलं, साड्या विकायला आलात का. दुसरा चांगला माणूस होता, त्यानं आडनाव विचारून आठवून पाहिलं, आणि मान हलवली. तिसऱ्यानं मोबाइल काढून हसत सांगितलं, "मद्रासी काका, परत एकदा बोला ना तसंच." मी परत बोललो. का बोललो, देव जाणे! त्यांनी मला चहा पाजला. कुणी वाईट वागलं नाही, हे सांगायलाच हवं. भैरोबाचा गाभारा बंद होता, सुपारी मी उंबऱ्यावर ठेवली आणि दुपारच्या एसटीनं सातारला परत आलो. परतीचं तिकीट दोन दिवसांनंतरचं होतं. ते दोन दिवस मी लॉजमधल्या जिन्याखालच्या खोलीत रेल्वेचं वेळापत्रक वाचत काढले. लवकर परत गेलो असतो तर घरच्यांना कळलं असतं.

घरी बाबा वाट पाहत होते. मी त्यांच्या उशाशी बसलो, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं ते असं की गावकरी वेशीपर्यंत आले. पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, पाय धुवायला पाणी दिलं. पुरणपोळी वाढली. वाढणाऱ्या म्हातारीनं विचारलं, वडिलांना का नाही आणलंत? बाबा डोळे मिटून ऐकत होते, आणि त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं. "पुन्हां सांग," ते म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. पुढचे दोन महिने रोज सांगितलं, रोज थोडं वाढवून. कधी आमटी जास्त, कधी तूप, एकदा तर ती चिंचही उभी केली. शेवटच्या दिवशीसुद्धा त्यांनी तेच ऐकलं. त्या खोटेपणाबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. पण ते खोटं त्यांच्याबरोबर गेलं नाही, माझ्यापाशी राहिलं. बायकोला सांगितलं, मुलीला फोनवर सांगितलं, आमच्या जातवाल्यांच्या लग्नात चार पंगतींना सांगितलं. इतकं, की मलाच आता त्या म्हातारीचा चेहरा आठवतो. आणि मग मंडपांत बसून, गावी जायला बिचकणाऱ्या माणसांना मी तेच सांगू लागलो: अहो, मी तीनशे वर्षांनी गेलो तरी मला पाटावर बसवून वाढलं, तुम्ही तर तीसच वर्षांनी जाताय!

विशालाक्षीला ते सगळ्यांत जास्त वेळा सांगावं लागलं. पंधरा दिवस मी तिच्याकडे जात होतो. पासष्टीची, काटक, कमी बोलणारी. स्वामीमलैला मूर्ती ओतणाऱ्यांच्या एका कारखान्यात ती एकतीस वर्षं कावेरीचा गाळ चाळायची. साचा करताना मेणाच्या मूर्तीवर पहिला थर बसतो तो त्या गाळाचा. तो पिठाहून बारीक लागतो, नाहीतर देवाच्या नाकाडोळ्यांवर खडे उठतात. ती झोपायचीही तिथंच, मागच्या पडवीत. मालक गेला, मुलांनी जागा विकली, आणि ती बस धरून इथं तळ्यावर आली. पहिल्या दिवशी मी विचारलं, "सोंद ऊर?" ती म्हणाली, "स्वामीमलै." मी म्हणालो, ते नव्हे अम्मा, त्याच्या आधीचं, खरं ऊर. ती पुन्हा म्हणाली, "स्वामीमलै." मी हसलो. शाळेतल्या मास्तरांनी मठ्ठ पोराला हसावं तसा हसलो, आणि कागदावरची ती जागा कोरी ठेवली. पुढच्या दिवसांत हळूहळू खणून काढलं: मानामदुरैच्या पलीकडे एक खेडं, तिथं भावाचं घर, भाऊ वारला, भाचा आहे. फोन केला. भाचा म्हणाला, पाठवा. कोरी जागा भरली. तिला मात्र पाय उचलवत नव्हता, म्हणून रोज जाऊन मी तिला माझं जेवण वाढत राहिलो. शेवटी एका सकाळी ती म्हणाली, "बरं रायर, काढा तिकीट."

मंगळवारी दुपारी मी पानावर नुसता बसून होतो. विजयलक्ष्मी, माझी बायको, रसम वाढायला आली आणि थांबली. "काय झालें? तोंड कां असें उतरलें?" मी सांगितलं, ती तळ्यावरची बाई परत आली. तिनं कपाळाला हात लावला. "अय्यो पाप! तिच्या लोकांनीं ठेवून घेतलें नाहीं कीं काय? सगळ्यांचें नशीब तुमच्यासारखें असतें काय? तुम्हांला माळशिंग्यांत पाट मांडून वाढलें. तिला कोण्हीं तांब्याभर पाणीहि पुढें केलें नसेल." ती मनापासून हळहळत होती. चाळीस वर्षांत या बाईनं माझ्या एका शब्दावर शंका घेतली नाही. मी म्हणालो, "पुरे, भूक नाहीं," आणि हात धुऊन 'वासल'च्या कचेरीची वाट धरली. ऊन मी म्हणत होतं. छत्री घरीच राहिली.

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर एक खोली, तीच कचेरी. शरण्या एकटी होती आणि तिच्या पुढ्यात दोन कागद होते. "सार, बरं झालं आलात. विशालाक्षी अम्मा रविवारी आल्या. मी बोलले त्यांच्याशी." मग तिनं सांगितलं ते मी उभ्यानंच ऐकलं. भाच्यानं हाकललं वगैरे नव्हतं. उलट चार महिने विशालाक्षीला त्यांनी पाहुणी म्हणून ठेवलं. भांडं घासू दिलं नाही, अंगण झाडू दिलं नाही, पाणीसुद्धा हातात आणून द्यायचे. गल्लीत तिला सगळे कुंभकोणंकारी, म्हणजे कुंभकोणंवाली, म्हणायचे. एक दिवस तिनं भाच्याच्या बायकोच्या हातातून चाळण घेतली, पीठ चाळायला, तर ती नम्रपणे म्हणाली, राहू द्या, तुम्ही परक्या ठिकाणच्या, तुम्हाला आमच्या पिठाचं कळायचं नाही. त्या रात्री विशालाक्षी झोपली नाही, आणि दुसऱ्या दिवशी बिनतिकिटाची गाडीत बसली. मला कट्ट्यावरचा तो मोबाइल आठवला.

"आता अडचण अशी," शरण्या म्हणाली, "की स्वामीमलैला एक खोली मिळतेय. घरमालकाला आजच नाव हवंय. यादीत पहिले राधाकृष्ण, बसस्टँडवरचे स्वयंपाकी. त्यांची पाळी. पण अम्मांचं तिथंच आयुष्य गेलं, कारखानेवाले एकदोघं त्यांना अजून ओळखतात, काम देऊ म्हणतात. मला त्यांना द्यायचीय. राधाकृष्णांना पुढच्या महिन्यात तिरुनागेश्वरम् मिळेल. पण नियम तुम्हाला माहीतच आहे. हिरवी टिकली लागलेला माणूस परत आला तर यादीच्या तळाशी, वर्षभर. का परत आला त्याचं कारण पोचवणाऱ्यानं लिहायचं असतं." माझा अपमान होऊ नये म्हणून तिची चाललेली धडपड मला दिसत होती. "नातेवाइकांशी जमलं नाही, एवढं लिहिलंत तरी कुणी तुम्हाला काही विचारणार नाही, सार. फक्त खोली मिळणार नाही मग. चूक आपली होती असं निघालं तरच पहिली जागा मिळते."

तिनं पेन पुढं केलं. नातेवाइकांशी जमलं नाही. तीन शब्द, आणि मी होतो तसाच राहिलो असतो: पोचवणारा रायर, त्रेचाळीस टिकल्यांचा. विशालाक्षी दगडावर राहिली असती. ते एक वर्ष तिनं काढलंही असतं, अशा बायका काढतात. मी पेन उघडलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला तिचा विचार कमी आणि बाबांचा जास्त येत होता. खरं लिहिलं तर तो पाट, ती रांगोळी, ती म्हातारी, सगळं जाणार. बाबांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातलं पाणीही खोटं होणार असं वाटत होतं. आमच्या घरात आता दिवा लावल्यावर कुणी काही विचारत नाही; मुलगी बंगळुरात, तिला माळशिंगे हे नाव धड म्हणता येत नाही. म्हणजे त्या गावाला जगात मीच एक उरलो होतो, आणि मीच त्याला पुसायला बसलो होतो. मग मी लिहिलं, तमिळमधे, मोठ्या अक्षरात: 'या बाईंनी आपलं ऊर स्वामीमलै असं पहिल्याच दिवशी दोनदा सांगितलं होतं. मी ते लिहिलं नाही. माझ्या मूळ गावी माझं स्वागत झालं अशी खोटी हकिकत सांगून मी त्यांना गाडीत बसवलं. तिथं मला कुणी ओळखलं नव्हतं. हीच हकिकत मी इतरांनाही सांगितली आहे. चूक माझी.' खाली सही केली.

शरण्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं ती चिडेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे माझं सांत्वन करेल. तिनं यातलं काहीच केलं नाही. घरमालकाला फोन लावून विशालाक्षीचं नाव सांगितलं, मग कपाट उघडून हिरव्या टिकल्या लावलेल्या कागदांचा अख्खा गठ्ठा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "उद्यापासून एकेकाला फोन करू या, सार," ती म्हणाली. "कोण कसं आहे ते विचारू. फोन तुम्हीच करायचे."

तळ्यावर पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. विशालाक्षी मंडपाच्या सावलीबरोबर सरकून दुसऱ्या खांबापाशी बसली होती. मी चप्पल काढून दगडावर बसलो. खोलीचं सांगितलं. तिनं नुसते हात मांडीवर उपडे ठेवले. मग मी ते दुसरंही सांगितलं. वांग्यांचं, एका ओढ्याचं, चहाचं, जिन्याखालच्या खोलीतल्या दोन दिवसांचं. हे मी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. "मला तिथं कुणी वाढलं नाही, अम्मा. पाट नव्हता, काही नव्हतं. खोटं बोललो तुमच्याशी."

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली.

"कसं?" मी विचारलं.

"एक दिवस पुरणपोळी असायची, एक दिवस दुसरंच काही. ज्याला खरंच कुणी पाट मांडून वाढलं तो पानातलं विसरेल का, रायर?"

"मग गेलात कशाला?"

तिनं उसवलेला काठ बोटांनी नीट केला. उत्तर दिलं ते माझ्याकडे न बघता. "थोडं मलाही वाटलं, असेल म्हणून. आणि तुम्ही रोज यायचात. सांगताना तुमचं तोंड असं व्हायचं, उपाशी माणसाचं होतं तसं. मी म्हटलं, एकदा बघून यावं. तसं काही असतं तर तुम्हालाही बोलावून घेतलं असतं."

मी भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, तिच्या शेजारी बसून रडलो. स्वामीमलैची बस चार वाजता होती. आम्ही ती सोडली आणि पुढची धरली.